पॅरिसचें पागोटें

पागोट्याविषयीं बोलावयाचें म्हणजे पुण्यापासून आरंभ होईल, अशी आपली अपेक्षा असेल. आज मात्र मी आपणांस १९११ सालच्या पॅरिस शहरांत नेणार आहें.

पॉल प्वारे हा तेथील स्त्रियांच्या पोषाखांचा विख्यात योजक. जन्म १८७९ चा. १९०३ सालीं त्यानें स्वतःची पेढी काढली, आणि कंबर आवळणाऱ्या कॉर्सेटला रजा देऊन खांद्यांवरून सैल सुटणारे, भडक रंगांचे झगे प्रचारांत आणले. या झग्यांवर तो स्त्रियांच्या मस्तकीं चक्क पागोटें चढवूं लागला. २४ जून १९११ रोजीं त्यानें आपल्या बागेंत ‘एक हजार दुसरी रात्र’ नांवाचा मेळावा भरविला. सुमारें तीनशें पाहुणे, आणि सर्वांनीं पौर्वात्य वेषांतच यावें अशी अट. यजमान झाला सुलतान. त्याची पत्नी देनीझ सोनेरी पिंजऱ्यांत बसलेली, डोकीवर पागोटें आणि त्यावर तुरा! अरबी कथा, इराणी विजारी, हिंदी पागोटीं, सर्वांची एकच खिचडी. भूगोलाच्या शिक्षकाला तें दृश्य पाहवलें नसतें.

आदल्याच वर्षीं पॅरिसमध्यें रशियन नर्तकमंडळीचा ‘शेहेराझाद’ हा खेळ गाजला होता. प्वारेनें ही हौस तेथूनच उचलली असें पुष्कळ म्हणत. त्याला तें मुळींच मान्य नव्हतें. १९३० सालीं प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्रांत तो निराळीच हकीकत सांगतो. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनमधील म्यूझियममध्यें त्यानें हिंदी पागोट्यांचा संग्रह पाहिला, आणि तो थक्क झाला. अधिकाऱ्यांची अनुज्ञा मिळवून त्यानें आपल्या कारखान्यांतील मुख्य कारागीर स्त्रीस तारेनें बोलावून घेतलें. आठ दिवस खपून तिनें त्या पागोट्यांच्या हुबेहूब नकला उतरविल्या. कांहीं आठवड्यांतच पॅरिसमध्यें पागोट्यांची टूम निघाली.

आपल्याकडे पागोटें बांधतात, पगडी ठेवतात. पगडी ही पगडबंदानें आधींच बसवून दिलेली असते. तिच्या घाटावरून माणसाची जात, गांव, दरबारांतील पायरी ओळखत. दुसऱ्याच्या पायांवर पागोटें ठेवणें म्हणजे सर्वस्वीं शरण जाणें. पॅरिसमध्यें हा सारा अर्थ गळून पडला आणि उरली ती गंमत. याचा मला राग येत नाहीं. लहर ही माणसाला हवीच. खटकतें तें एवढेंच कीं, वेषभूषेच्या इतिहासांत तें ‘प्वारेचें पागोटें’ म्हणून नांदतें, आणि लंडनच्या कपाटांतील नमुने ज्यांनीं बांधले त्यांना नांवच नाहीं. तरीहि प्वारेनें उगम लपविला नाहीं, हें त्याच्या पदरीं घातलेंच पाहिजे. आणि आम्हीं तरी काय केलें? माझ्या आजोबांची पगडी घरीं खुंटीवर होती. ती उसवली तेव्हां नीट करून देणारा पगडबंद आम्हांस मिळाला नाहीं. मिळावा म्हणून आठ दिवस कोणी हिंडलेंहि नाहीं.

१९११ सालींच प्वारे आपल्या मॅनेकिन तरुणींना घेऊन युरोपच्या राजधान्यांतून पोषाख मिरवीत फिरला. आजच्या फॅशन शोची ती एक पूर्वज. पुढें महायुद्धानंतर अभिरुचि पालटली, साधे पोषाख आले. १९२९ सालीं त्याची पेढी बंद पडली, आणि १९४४ सालीं तो दारिद्र्यांत वारला. २००७ सालीं न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन म्यूझियमनें त्याच्या पोषाखांचें मोठें प्रदर्शन भरविलें.