नागिणीचे तोंड आणि शेपूट

आमच्या डाळजला कुणाच्या अंगावर नागीण उठली की घरातली बायामाणसे आधी तिचे तोंड कुठे आणि शेपूट कुठे ते पाहत. "दोन्ही टोके एक झाली की माणूस हातचा गेला समज," असे आमची आजी सांगे. मग दुर्वा आणि तांदूळ वाटून लेप लागे, मंत्र टाकणारा येई, आणि पंधरा-वीस दिवसांत खपल्या धरून नागीण उतरे. मंत्राचा गुण आला म्हणून नारळ फुटे.

सहा वर्षांपूर्वी माझ्या थोरल्या चुलत्यांना, म्हणजे आबांना, नागीण झाली ती कपाळावर. वय सत्तरीपुढचे, मधुमेह जुना, आणि दम्यासाठी स्टेरॉइडच्या गोळ्या कितीतरी महिने चाललेल्या. "कमरेला नाही ना? मग भिऊ नका," असा घरादाराचा निर्वाळा पडला. मीही, चार पुस्तके लिहिलेला मास्तर, मान डोलावून मोकळा झालो! आठव्या दिवशी आबांना ताप भरला. ते मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारू लागले आणि उजनीच्या पाण्याकडे बोट दाखवून, "आपली बैलं कुणी सोडली रे?" म्हणून विचारू लागले. घरात बैल नसून वीस वर्षे झाली होती. त्याच रात्री गाडी करून त्यांना पुण्याला नेले. पाठीच्या कण्यातले पाणी काढून तपासले, तेव्हा कळले की नागीण मेंदूत शिरली आहे.

रुग्णालयाच्या बाकावर बसून काढलेल्या त्या रात्रींनी मला या नागिणीच्या इतिहासाच्या मागे लावले.

बुडापेस्ट शहरी बोकाय नावाचे एक बालवैद्य होते. घरातल्या मोठ्या माणसाला नागीण झाली की मागोमाग पोराबाळांना कांजिण्या येतात, हे त्यांनी 1888 च्या सुमारास हेरले. पुढे 1900 साली इंग्लंडात हेड आणि कॅम्पबेल या दोघांनी नागीण होऊन गेलेल्या एकवीस मृतदेहांची तपासणी करून दाखवले की दुखण्याचे मूळ कातडीत नाही. ते कण्यालगतच्या मज्जातंतूंच्या गाठींत आहे. अशा एकेका गाठीतून निघणारा तंतू शरीराच्या एकाच बाजूला पसरतो. म्हणून नागीण बहुधा मध्यरेषेशी थबकते. तोंड आणि शेपूट एक होण्याचा प्रसंग सहसा येतच नाही! मंत्र टाकणाऱ्याचा विजय त्या तंतूंनी आधीच ठरवून ठेवलेला असे.

पण मला मोह पडला तो होप-सिम्पसन या डॉक्टरांचा. इंग्लंडातल्या सिरेन्सेस्टर या लहानशा गावचे हे साधे डॉक्टर. 1947 पासून सोळा वर्षे त्यांनी आपल्याकडे आलेल्या नागिणीच्या रोग्यांची वही ठेवली. नोंदी भरल्या 192. वय वाढावे तशी नागीण वाढते, आणि ती दुसऱ्याकडून लागत नाही, असे त्या वहीने सांगितले. त्यावरून 1965 साली त्यांनी मांडले की लहानपणी येऊन गेलेल्या कांजिण्यांचा विषाणू शरीर सोडून जातच नाही. तो तंतूंच्या गाठींत निजून राहतो आणि शरीराचा पहारा ढिला पडला की उठतो. दोन्ही दुखण्यांचा विषाणू एकच, हे अमेरिकेत वेलर यांनी त्याआधीच प्रयोगशाळेत दाखवले होते. आपल्या वाडवडिलांनी त्याला नागीण म्हटले ते काही उगीच नव्हे. बिळात निजणारी ती निजणारीच. चूक झाली ती भीतीची जागा ठरवण्यात.

कमरेच्या वेढ्याने माणूस जात नाही. जपावे लागते ते डोके, डोळा, कान यांवर उठलेल्या नागिणीला, कारण तिथले तंतू मेंदूच्या शेजारचे. त्या वाटेने विषाणू मेंदूतल्या रक्तवाहिन्यांत शिरला तर पुढे काही आठवड्यांनी पक्षाघातही होऊ शकतो. अंगभर पसरलेली नागीणही तशीच वाईट. आणि सर्वांत जपावे ते पहारा ढिला झालेल्यांना : वृद्ध, कर्करोगावर उपचार घेणारे, दुसऱ्याचे मूत्रपिंड बसवलेले, एचआयव्हीबाधित आणि स्टेरॉइड दीर्घकाळ घेणारे. मधुमेहानेही नागिणीचा धोका वाढतो. आबांच्या ठायी यांतले किती योग जुळून आले होते ते मी बोटांवर मोजले, आणि मान खाली घातली. कधी कधी तर अंगावर एकही फोड न उठता ती मेंदू गाठते, असे डॉक्टर म्हणाले.

आबांना शिरेतून अॅसायक्लोव्हिर चौदा दिवस दिले. हे औषध ज्यांच्या प्रयोगशाळेत तयार झाले त्या गर्ट्रूड एलियन बाईंना 1988 चे नोबेल पारितोषिक मिळाले, पीएच.डी. मात्र त्यांना कधी पुरी करता आली नव्हती. आम्हां कमी शिकलेल्यांना तेवढाच दिलासा! फोड उठल्यापासून तीन दिवसांत औषध पोटात गेले तर त्याचा गुण अधिक, हेही मला तिथेच कळले. आम्ही आठ दिवस लेपात घालवले होते. पन्नाशीपुढच्यांसाठी नागिणीची लस 2023 पासून आपल्याकडेही मिळते. महाग आहे, पण आहे.

आबा घरी आले. हिशेब आता जमत नाही, नावे चुकतात. गेल्या दिवाळीत ओवाळणीच्या पाटावर बसले आणि माझ्या धाकटीला आपल्या बहिणीच्या नावाने हाक मारून तिच्या ताटात त्यांनी एक रुपया टाकला. तिने तो ओचात बांधला आणि "येते हो दादा," म्हणून पाया पडली.