शाखा कुठली?

बारावीचा निकाल लागला की नात्यातलं कोणी ना कोणी मला फोन करतं. प्रश्न ठरलेला असतो, कॉम्प्युटर घेऊ की आयटी? यंदा खोपोलीहून आत्याचा फोन आला तेव्हा उत्तर तयार ठेवूनच उचलला. पण प्रश्न भलताच निघाला. "अरे, ही म्हणते सायकॉलॉजी करायचंय. बी.ए. करावं की बी.एस्सी.? सायन्स घेऊन आर्ट्सला गेली तर लोक म्हणतील मार्क कमी पडले."

आता माझा आणि मानसशास्त्राचा संबंध म्हणजे अप्रेझलच्या आदल्या रात्री झोप न येणं, एवढाच. म्हणून अख्खा वीकेंड वाचनात घातला. वाचता वाचता लक्षात आलं की हा प्रश्न तिच्या मार्कांचा नाहीच. तो इतिहासाचा आहे.

सुरुवात खोपोलीपासूनच करू. 1856 मध्ये रेल्वे खोपोलीपर्यंत आली तेव्हा ते घाटाखालचं शेवटचं स्टेशन होतं. पुण्याला जायचं तर इथे उतरून घाट पालखीतून नाहीतर तट्टावरून चढायचा. 1863 मध्ये बोरघाटातून गाडी सुरू झाली, मुख्य लाईन कर्जतवरून वर गेली आणि खोपोली 'शाखा' झाली. गाव तेच, माणसं तीच. रूळ दुसरीकडून गेले, बस्स. मानसशास्त्राचंही साधारण असंच झालं.

विल्हेल्म वुंटने 1879 मध्ये जर्मनीत लाइपझिगला मानसशास्त्राची प्रयोगशाळा काढली. या विषयाचा जन्म तिथून मोजतात. गंमत म्हणजे वुंट होता तत्त्वज्ञानाचा प्राध्यापक! म्हणजे पहिल्या दिवसापासून एक पाय तत्त्वज्ञानात आणि दुसरा प्रयोगशाळेत. भारतात कलकत्ता विद्यापीठासाठी प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम 1905 मध्ये आखला तो ब्रजेंद्रनाथ सील यांनी, तेही तत्त्वज्ञच. स्वतंत्र विभाग 1916 मध्ये सुरू झाला. प्रमुख होते नरेंद्रनाथ सेनगुप्ता. ते हार्वर्डला ह्यूगो म्युन्स्टरबर्गकडे शिकून आले होते आणि म्युन्स्टरबर्ग हा वुंटचाच विद्यार्थी. तिथे हा विषय सायन्स कॉलेजात वाढला.

आपल्याकडे दोन रूळ पडले. कर्जतहून वर गेलात तर पुणे विद्यापीठात 1950 मध्ये विभाग निघाला, त्याचं नाव 'प्रायोगिक मानसशास्त्र'. त्याची उभारणी प्रा. व्ही. के. कोठूरकरांनी केली. कर्जतहून खाली गेलात तर मुंबई विद्यापीठात 1959 मध्ये विभाग निघाला, त्याचं नाव 'उपयोजित मानसशास्त्र'. एकाच्या पाटीवर प्रयोगशाळा, दुसऱ्याच्या पाटीवर रोजचा व्यवहार. विद्यापीठांबाहेरही काम वाढत गेलं. पुण्यात 1962 मध्ये ज्ञान प्रबोधिनी सुरू करणाऱ्या आप्पा पेंडसे यांची पीएच.डी. मानसशास्त्रातलीच. इकडे ठाण्यात डॉ. आनंद नाडकर्णी आणि सहकाऱ्यांनी 1990 मध्ये आय.पी.एच. उभी केली.

पण कॉलेजात पदवीला हा विषय बहुतेक ठिकाणी आर्ट्समध्ये बसला. आमच्या भाषेत सांगायचं तर हा लेगसी कोड आहे. कोणीतरी केव्हातरी फाईल एका फोल्डरमध्ये टाकली, पुढच्यांनी ती हलवली नाही. फोल्डरचं नाव 'आर्ट्स' म्हणून आतलं स्टॅटिस्टिक्स आणि प्रॅक्टिकल्स गायब होत नाहीत. उलट 'बी.एस्सी.' अशी पाटी लावल्याने ती आपोआप चांगलीही होत नाहीत.

मग फरक कशाने पडतो? इथे मी बहिणीलाच विचारलं, "तुला करायचंय काय नक्की?" ती म्हणाली, "दादा, वेणगावला जे चालतं ते."

कर्जतजवळच्या वेणगावात श्रद्धा रिहॅबिलिटेशन फाउंडेशनचं केंद्र आहे. डॉ. भरत आणि डॉ. स्मिता वटवानी यांनी 1988 मध्ये रस्त्यावर भटकणाऱ्या मनोरुग्णांसाठी काम सुरू केलं, 2006 पासून कर्जतचं केंद्र चालू आहे. माणसाला रस्त्यावरून आणायचं, उपचार करायचे, घरचा पत्ता शोधायचा आणि पोचवून द्यायचं. 2018 मध्ये डॉ. भरत वटवानींना मॅगसेसे पुरस्कार मिळाला. स्वप्न उत्तमच. पण दोघेही वटवानी सायकिअॅट्रिस्ट आहेत. तो रस्ता एम.बी.बी.एस. करून मग एम.डी., असा. औषधं लिहायची असतील तर बी.ए. आणि बी.एस्सी. दोन्ही चुकीच्या गाड्या!

ती जरा गप्प झाली. मग म्हणाली, "औषधं नाही. मला त्यांच्याशी बोलायचंय."

तर मग गाडी बरोबर आहे, फक्त प्रवास लांबचा आहे. आपल्याकडे 'क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट' हे बिरुद कायद्याने बांधलेलं आहे. 1992 च्या कायद्याखालच्या रिहॅबिलिटेशन कौन्सिलची मान्यता लागते आणि 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात त्याची व्याख्याच दिली आहे. वर्षानुवर्षं वाट अशी होती: तीन वर्षं पदवी, दोन वर्षं एम.ए., मग रुग्णांबरोबर प्रशिक्षणाची दोन वर्षांची एम.फिल. 2020 च्या शैक्षणिक धोरणाने एम.फिल. ही पदवीच बंद करायचं ठरवलं, म्हणून ही वाट सध्या नव्याने बांधली जातेय. चार वर्षांची ऑनर्स आली, कौन्सिलने क्लिनिकल सायकॉलॉजीची वेगळी बी.एस्सी. ऑनर्सही आणली. आणि नोकरी करता करता घरून डिग्री करू म्हणणाऱ्यांसाठी: 2025 मध्ये यूजीसीने मानसशास्त्राला दूरशिक्षणातून आणि ऑनलाईन नवे प्रवेश देणं थांबवलं.

थोडक्यात काय, तर नुसत्या पदवीच्या नावाने दार उघडत नाही. एम.ए.ला साधारणपणे बी.ए. आणि बी.एस्सी. दोन्ही चालतात. म्हणून मी तिला कागदावर चार प्रश्न लिहून दिले. मानसशास्त्र मेजर आहे की तीन विषयांतला एक? प्रॅक्टिकल्स खरोखर होतात का, की जर्नल उतरवून काढतात? स्टॅटिस्टिक्स कोण शिकवतं? आणि कोर्सच्या नावात 'क्लिनिकल' असेल, तर तो कौन्सिलच्या यादीत आहे का? ही उत्तरं माहितीपत्रकात सापडत नाहीत. दुसऱ्या वर्षाच्या मुलींना कॅन्टीनमध्ये गाठून विचारावं लागतं.

खरी अडचण मात्र वेगळीच आहे. पाच ते सात वर्षं शिकायचं, तोवर कमाई नाही. इंजिनिअरिंगला चार वर्षांनी मला नोकरी लागली आणि घरचे निर्धास्त झाले. तिच्याबाबतीत आत्याला तेवढा धीर धरावा लागेल. 'बी.ए. की बी.एस्सी.'च्या आडून आत्या खरं तर हेच विचारत होती, असं मला आता वाटतं. त्यामुळे परवा तिच्याशी वेगळा फोन केला आणि फक्त खर्चाचं बोललो. फी, पास, पुण्यात राहिली तर हॉस्टेल. तासभर चाललं. एकदाही 'लोक काय म्हणतील' आलं नाही.

बहीण या आठवड्यात मुंबईकडची दोन आणि पुण्यातलं एक कॉलेज बघून येणार आहे. खोपोलीहून कर्जत, मग एकदा खाली, एकदा वर. शेजारच्या काकूंनी शाखा कुठली विचारलं तर काय सांगायचं, हेही तिने ठरवलंय.

"सांगेन, खोपोली शाखा. कर्जतला गाडी बदलावी लागते."