रायगडावरचा दुभाष्या आणि ऑपेरा हाऊसची जांगड

मागच्या व्याख्यानाला जे आले होते त्यांना आठवत असेल, की आज मी कांटवर बोलणार होतो. कांट पुढच्या वेळी. मधे एक गोष्ट घडली आणि विषय बदलला.

आमच्या इमारतीतली एक मुलगी, वय वर्षं बावीस, नेदरलँड्सला शिकायला निघाली आहे. तिने विषय घेतलाय आंतरसांस्कृतिक संवाद, आणि पुढे आंतरराष्ट्रीय व्यापारात नोकरी करायची असं तिच्या मनात आहे. पेढे द्यायला आली तेव्हा म्हणाली, "आजोबा, हा विषय अमेरिकेत निघाला ना? आपल्याकडे असं काही नव्हतंच, असं आमचे सर सांगत होते." मी म्हटलं, "अगं, बस जरा." ती बसली दहा मिनिटं. पण दहा मिनिटांत सांगून होण्यासारखं ते नव्हतं, म्हणून आज तुम्हाला पकडलंय.

तिच्या सरांचं अगदीच चूक नाही. विद्यापीठात शिकवायचा विषय म्हणून तो अमेरिकेतच उभा राहिला. दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेचं परराष्ट्र खातं आपल्या अधिकाऱ्यांना जगभर पाठवू लागलं. हे अधिकारी भाषा शिकून जात आणि तरीही तोंडघशी पडत. त्यांच्या प्रशिक्षण संस्थेत एडवर्ड हॉल नावाचे मानववंशशास्त्रज्ञ शिकवत होते. 1959 साली त्यांचं 'द सायलेंट लँग्वेज' हे पुस्तक आलं. माणसं वेळ कशी पाळतात, किती अंतरावर उभी राहतात, गप्प कधी बसतात, ही सुद्धा एक भाषाच आहे, असं त्यांचं म्हणणं. नंतर डच संशोधक हॉफस्टेड यांनी आयबीएम कंपनीच्या देशोदेशीच्या कर्मचाऱ्यांकडून एक लाखाहून अधिक प्रश्नावल्या भरून घेतल्या आणि 1980 साली देशांना गुण देणारा ग्रंथ लिहिला. कुठला देश वरिष्ठांना किती मानतो, कुठला अनिश्चिततेला किती घाबरतो, सगळं आकड्यांत. व्यवस्थापनाच्या वर्गांत आज प्रामुख्याने हेच शिकवतात. माझं याबद्दल काय मत आहे ते ओघात येईलच.

आता साडेतीनशे वर्षं मागे चला. 1674. मुंबई बेट ईस्ट इंडिया कंपनीकडे येऊन सहाच वर्षं झाली आहेत. गव्हर्नर आहेत जेराल्ड आँजिए. त्यांना शिवाजी महाराजांशी तह हवाय. एक कारण जुनं : 1661 मध्ये महाराजांच्या फौजेने कंपनीची राजापूरची वखार लुटली होती, त्याची भरपाई बाकी होती. दुसरं कारण पोटाचं : मुंबईला माल येणार तो घाटावरून, आणि वाटा सगळ्या महाराजांच्या ताब्यात. म्हणून हेन्री ऑक्झिंडेन याला रायगडावर पाठवायचं ठरलं. तो पोचला मे महिन्याच्या उत्तरार्धात, राज्याभिषेकाच्या ऐन धामधुमीत.

आपल्या शाळेच्या पुस्तकात ऑक्झिंडेन असतो, त्याचा नजराणा असतो. त्याच्या शेजारी उभा असलेला माणूस नसतो. त्याचं नाव नारायण शेणवी. कंपनीचा दुभाष्या. इंग्रजांच्या कागदांत नावाचं स्पेलिंग वाट्टेल तसं येतं, पण माणूस तोच. ऑक्झिंडेनच्या आधी हेच गृहस्थ रायगडावर जाऊन बोलणी करून, पत्र पाठवून मोकळे झाले होते. म्हणजे साहेब गड चढला तेव्हा अर्धं काम उरकलेलं होतं.

राज्याभिषेकाचा प्रसंग बघा. ऑक्झिंडेनने तो लिहून ठेवलाय. सिंहासनाच्या एका बाजूला भाल्यांच्या टोकांवर सोन्याचे माशांचे मुखवटे, दुसऱ्या बाजूला घोड्यांची शेपटं आणि एका भाल्यावर सोन्याचा तराजू. तराजू म्हणजे न्याय, हे त्याला लगेच उमगलं, कारण त्याच्याही देशात तराजूचा अर्थ तोच. इंग्रज मंडळींनी दुरूनच मुजरा केला. तेवढ्यात नारायण शेणव्यांनी नजराण्याची हिऱ्याची अंगठी हातात उंच धरली. महाराजांचं लक्ष गेलं आणि त्यांनी पाहुण्यांना सिंहासनाच्या पायरीपर्यंत जवळ बोलावलं. त्या क्षणी शेणवी एक शब्द बोलले नाहीत. अंगठी कधी वर करायची, एवढंच त्यांना माहीत होतं. हॉल साहेबांचं पुस्तक यायला अजून 285 वर्षं होती.

पण खरी मौज तहाच्या कलमांत आहे, आणि इथे मला जरा थांबायचंय. कंपनीने वीस कलमं मांडली. बहुतेक मान्य झाली, राजापूरच्या भरपाईसकट. दोन अडली. एक म्हणजे, कंपनीची नाणी महाराजांच्या मुलखात चालावीत. यावर उत्तर आलं ते असं, की कुठलंही नाणं चालायला आमची मनाई नाही. पण ज्यात रयतेचं नुकसान होईल ते नाणं घ्यायची सक्ती आम्ही रयतेवर करू शकत नाही. तुमच्या नाण्यात धातू चोख असेल तर ते आपोआप चालेल. दुसरं कलम फुटलेल्या जहाजांचं. कंपनीचं जहाज किनाऱ्यावर फुटलं तर माल परत मिळावा. उत्तर : हे कोकणच्या रिवाजाविरुद्ध आहे, आणि तुम्हाला दिलं तर फ्रेंच, डच, सगळेच मागतील.

या उत्तरांकडे नीट बघा. 'नाही' दोन्ही ठिकाणी आहे, पण उर्मट 'नाही' कुठेच नाही. पहिल्या नकारामागे रयत आहे, दुसऱ्यामागे रिवाज. आणि ऑक्झिंडेनला दोन्ही कळली. रागावून निघून न जाता, ही कलमं अडली तरी तह करावा असं त्याने ठरवलं. हे नकार मराठीतून निघून इंग्रजांच्या कानापर्यंत पोचताना मधे दुभाष्या होता. शेणवी अर्थ जरा इकडेतिकडे करते, एखादा नकार अपमानासारखा पोचवते, तर कदाचित तहच झाला नसता. आपण राजांचा आणि गव्हर्नरांचा इतिहास लिहितो. दुभाष्याने काम चोख केलं की तो दिसेनासा होतो, हे त्याचं दुर्दैव.

त्याच मुक्कामातली एक गंमत सांगतो. एक म्हातारा खाटिक मुद्दाम गड चढून इंग्रजांना बघायला आला. का, तर त्याने आधीच्या कित्येक वर्षांत विकलं नसेल इतकं मांस ही चार माणसं एका महिन्यात खाऊन बसली होती! तहाच्या वीस कलमांइतकाच मला हा खाटिक महत्त्वाचा वाटतो. त्याला राजकारण नको होतं, व्यापारही नको होता. हे लोक आहेत तरी कोण, एवढं बघायचं होतं.

आता गिरगावात येऊ. या सभागृहापासून चालत गेलात तर नाना चौक लागेल. हे नाना म्हणजे जगन्नाथ शंकरशेठ, 1803 ते 1865. पहिल्या रेल्वेशी त्यांचं नाव आपण जोडतो, ते बरोबरच आहे. पण मला त्यांची पेढी आठवते. अरब, अफगाण आणि इतर परदेशी व्यापारी आपली धनदौलत बँकांपेक्षा नानांकडे ठेवणं पसंत करत. विचार करा : मस्कतकडचा एखादा व्यापारी, वेगळा धर्म, वेगळी भाषा, आपला ऐवज गिरगावातल्या दैवज्ञ सावकाराकडे ठेवतोय. त्याने कुठला अभ्यासक्रम केला होता? नानांनी कुठला केला होता?

पण याच नानांनी शिक्षणाच्या प्रश्नावर जी भूमिका घेतली ती या मुलीला मला मुद्दाम सांगायची होती. 1840 साली मुंबई इलाख्यात बोर्ड ऑफ एज्युकेशन स्थापन झालं. त्याचे अध्यक्ष झाले न्यायाधीश सर अर्स्किन पेरी. त्यांचा आग्रह इंग्रजीचा. 1847 च्या सुमारास वाद पेटला. नाना, फ्रामजी कावसजी आणि महंमद इब्राहिम मकबा हे तिन्ही हिंदी सभासद देशी भाषांच्या बाजूने उभे राहिले. एक हिंदू, एक पारशी, एक कोकणी मुसलमान. त्यांच्या बाजूला एक इंग्रजही होता, कर्नल जर्व्हिस. आता नाना काही इंग्रजीचे शत्रू नव्हते. एलफिन्स्टन शिक्षणसंस्थेच्या उभारणीत ते होते, इंग्रजांशी त्यांचा रोजचा व्यवहार होता. इंग्रजी हवीच, पण सगळ्या लोकांपर्यंत ज्ञान न्यायचं तर ते त्यांच्या भाषेतूनच जाईल, असं त्यांचं म्हणणं. ज्याला परभाषेचा सगळ्यात जास्त फायदा झाला होता, तोच माणूस हे म्हणत होता. आणि बाळशास्त्री जांभेकरांचं 'दर्पण' आठवा, 6 जानेवारी 1832 : एका स्तंभात मराठी, शेजारच्या स्तंभात इंग्रजी. दोन्ही भाषा एकाच पानावर, समोरासमोर. तो नुसता अनुवाद नव्हता. तुमचं आम्हाला कळावं आणि आमचं तुम्हाला कळावं, अशी दोन्हीकडून सोय होती.

एक छोटा प्रसंग जाता जाता. 1878 साली सतरा वर्षांचा एक बंगाली मुलगा विलायतेला निघायच्या आधी मुंबईत दोनेक महिने राहिला, इंग्रजी बोलायचा सराव व्हावा म्हणून. घर होतं डॉ. आत्माराम पांडुरंगांचं, प्रार्थना समाजाच्या संस्थापकांचं. शिकवणारी त्यांची मुलगी अन्नपूर्णा, जी विलायत बघून आलेली होती. मुलाचं नाव रवींद्रनाथ ठाकूर. इंग्रजी किती सुधारली कोण जाणे, पण तिच्यासाठी त्याने 'नलिनी' हे नाव शोधलं, हे मात्र खरं.

आता माझी स्वतःची फजिती. टाळणार होतो, पण टाळली तर बाकीचं सगळं पुस्तकी राहील.

एम. ए. करत असताना मी संध्याकाळी गिरगावातल्या एका छोट्या कंपनीत इंग्रजी पत्रं लिहायचो. यंत्राचे सुटे भाग परदेशी पाठवायचे ते. मालकांना सगळे शेठ म्हणत, ते मला मास्तर म्हणत. एका जर्मन गिऱ्हाइकाने विचारलं, सहा आठवड्यांत माल द्याल का? शेठ पत्र वाचून म्हणाले, "बघू. कळवा त्यांना." मी ऐटीत लिहिलं, 'वुई शॅल सी टू इट.' मला वाटलं, 'बघू'चं किती छान इंग्रजी केलं! ज्यांना इंग्रजी येतं ते आत्ता हसताहेत. त्या वाक्याचा अर्थ 'बघू' नाही. 'आम्ही ते करतोच, तुम्ही निर्धास्त राहा' असा आहे. आणि शेठच्या 'बघू'चा अर्थ गिरगावात सगळ्यांना माहीत आहे : जमणार नाही, पण तोंडावर कसं सांगायचं.

जर्मन माणसाने जहाजात जागा धरून ठेवली. माल वेळेत गेला नाही. मागणी रद्द झाली आणि त्या दिवाळीला कारखान्यातल्या लोकांचा बोनस निम्म्यावर आला. मी शेठसमोर मान खाली घालून उभा. ते म्हणाले, "मास्तर, तुम्ही शब्द चुकवलात हे खरं. पण 'नाही' म्हणायला मी लाजलो, ते आधीचं." मी पुढे तीस वर्षं तत्त्वज्ञान शिकवलं. क्वाईन नावाचे अमेरिकन तत्त्वज्ञ म्हणायचे, की परक्या भाषेतल्या शब्दाचा एकच एक अर्थ पुराव्याने कधीच पक्का करता येत नाही. वर्गात हे सांगताना दरवेळी मला तो निम्मा बोनस आठवायचा.

शेवटचं, ऑपेरा हाऊस. पंचरत्न इमारतीच्या आसपास, हिऱ्यांचा बाजार वांद्रे-कुर्ला संकुलात जायच्या आधी, रस्त्यावर उभी माणसं कागदाच्या पुडीतले हिरे उघडून दाखवत असत. तिथला एक शब्द आहे 'जांगड'. माल पसंतीसाठी न्यायचा, पसंत पडला तर ठेवायचा, नाहीतर परत. साध्या चिठ्ठीवर लाखोंचा माल जातो. आपल्या 1930 च्या माल विक्री कायद्याच्या 24 व्या कलमात पसंतीवर दिलेल्या मालाची तरतूद आहे, पण बाजार कायद्याची वाट बघत नाही. याच बाजारातले पालनपुरी जैन अँटवर्पला गेले, तिथल्या ज्यू व्यापाऱ्यांशी धंदा करू लागले. तिथे सौदा पक्का झाला की हातात हात देऊन 'मझल' म्हणतात. हिब्रू शब्द, नशीब अशा अर्थाचा. गुजराती बोलणारा जैनही 'मझल' म्हणतो, आणि एकदा म्हटल्यावर मागे फिरत नाही. फिरला तर बाजारात पुन्हा उभा राहू शकत नाही.

हॉफस्टेडच्या तक्त्यात भारताचे गुण आहेत, इस्रायलचे आहेत, बेल्जियमचेही आहेत. त्या गुणांवरून हा सौदा होईल की नाही ते सांगता येत नाही. मला तक्त्यांचा राग नाही. नवख्या माणसाला नकाशा लागतोच. पण तक्ता देशांबद्दल बोलतो, आणि समोर बसतो तो एक माणूस, ज्याला काहीतरी हवंय आणि कशाची तरी लाज वाटतेय.

त्या मुलीने निघताना विचारलं, "आजोबा, मग मी तिकडे जाऊन पहिल्यांदा काय शिकू?" मी म्हटलं, डच शिक. इंग्रजीवर तिथे सहज भागेल, तरी शिक. आणि त्यांच्यात 'नाही' कसं म्हणतात ते आधी विचारून घे, मी विचारलं नव्हतं.

ती परवाच्या विमानाने जातेय. तिची आई इथे मागच्या रांगेत बसली आहे, म्हणून नाव घेत नाही. आता चहा आहे. कुणाला काही विचारायचं असेल तर चहानंतर विचारा. शेणव्यांबद्दल कुणाच्या घरी काही जुने कागद असतील तर मात्र चहाच्या आधी सांगा.