कॉर्कचं लोणी

आमच्या गावच्या दूध संस्थेत मी तीस वर्षं सचिव होतो. पहाटेच रांग लागायची. फॅट कमी लागली की बाया काही बोलत नसत, रिकाम्या किटलीत बघत उभ्या राहत. म्हणून लेकीकडे आयर्लंडला गेलो, तेव्हा कॉर्कमध्ये मला सगळ्यात आधी बघायचा होता तो तिथला जुना लोणीबाजार.

शँडनच्या चढावर, सेंट ॲन चर्चच्या घंटाघराजवळ त्याची इमारत आहे. १७७० च्या सुमारास इथल्या व्यापाऱ्यांनी तपासणीची शिस्त घालून दिली आणि पुढच्या शतकात हा जगातला सर्वांत मोठा लोणीबाजार ठरला. खारवलेलं लोणी फर्किन नावाच्या लाकडी पिंपातून यायचं, एकात साधारण २५ किलो. तपासनीस पोकळ सळई पिंपात खोलवर खुपसायचा, फिरवून बाहेर काढायचा. वर चांगलं नि खाली खवट, ही लबाडी तिथंच उघडी पडायची. मग वास, चव, रंग, आणि पिंपावर प्रतीची खूण. कोणतं लोणी कोणत्या तपासनिसाकडे जाणार, ते चिठ्ठ्या टाकून ठरायचं. हे कळलं आणि मी तिथंच थबकलो. तोंड बघून प्रत लावायची नाही, यासाठी त्यांनी चिठ्ठ्यांपर्यंत विचार केला होता!

शेजारच्या केरीच्या डोंगरातलं लोणी आधी घोड्यांच्या पाठीवरून यायचं. १७४८ मध्ये जॉन मर्फी नावाच्या माणसाने कॉर्कपर्यंत रस्ता बांधला, तेव्हापासून गाड्या धावू लागल्या. पण ज्या घरात लोणी निघायचं, तिथं ताटात बटाटे आणि ताक. लोणी जायचं जमिनीचा खंड फेडायला. १८४५ पासून बटाटा सडला, माणसं उपाशी मेली, तरी कॉर्कच्या धक्क्यावरून लोणी जहाजात चढतच होतं. याचा मला आजही राग येतो. प्रत चोख लागली, पण गवळणीच्या पोटाचा हिशेब कुठल्याच वहीत नव्हता.

पुढे इंग्लंडच्या गिऱ्हाइकाला डेन्मार्कचं कमी मिठाचं, ताजं लोणी आवडू लागलं. कॉर्कचे व्यापारी जुन्या रीतीला चिकटून राहिले. १९२४ मध्ये बाजार बंद झाला.

दुसऱ्या दिवशी लोकलसारख्या छोट्या गाडीने कोव्ह बंदराला गेलो. समोर स्पाइक बेट, एके काळचा तुरुंग. दुष्काळानंतरच्या शंभर वर्षांत याच बंदरातून सुमारे २५ लाख माणसं देश सोडून गेली. धक्क्यावर ॲनी मूरचा पुतळा आहे, सोबत दोन धाकटे भाऊ. १ जानेवारी १८९२ रोजी न्यूयॉर्कच्या एलिस बेटावर नोंद झालेली पहिली स्थलांतरित ती. एका भावाचा हात लांब, समुद्राकडे केलेला. मी बराच वेळ तिथं बसून राहिलो.

संध्याकाळी लेकीने पावाला लोणी लावून दिलं, पिवळंधमक, खारट. खाण्याआधी मी वास घेतला. पहिल्या प्रतीचं होतं.