सोळा मिलिमीटरांची मर्यादा : सीएमएसचा बाह्य कॅलोरीमीटर आणि मुंबईचे कार्य

कणभौतिकीचा इतिहास सामान्यतः शोधांच्या क्रमाने लिहिला जातो. ज्या उपकरणांमुळे हे शोध शक्य झाले, त्यांच्या रचनेचा विचार त्यात अभावानेच आढळतो. वस्तुतः मापनाची विश्वसनीयता सांगाडा, जाडी आणि तापमान या सामान्य वाटणाऱ्या गोष्टींवर अवलंबून असते. जिनिव्हानजीकच्या सर्न प्रयोगशाळेतील सीएमएस उपकरणाचा बाह्य हॅड्रॉन कॅलोरीमीटर हे याचे उत्तम उदाहरण होय. त्याच्या उभारणीत मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेचा आणि चंदीगढच्या पंजाब विद्यापीठाचा प्रमुख वाटा होता.

या भागाची गरज चुंबकामुळे उत्पन्न झाली. सीएमएसच्या ३.८ टेस्ला क्षमतेच्या अतिसंवाहक वेटोळ्याचा आतील व्यास सुमारे ६ मीटर आहे. कॅलोरीमीटर त्याच्या आत बसवावयाचा असल्याने मध्यभागी, किरणशलाकेशी काटकोनात, हॅड्रॉन शोषकाची जाडी ५.८२ आंतरक्रिया-लांब्या इतकीच राहिली. प्रबळ कणवर्षावाची काही ऊर्जा तीतून निसटणे अपरिहार्य होते. निसटलेली ऊर्जा हिशेबात 'हरवलेली ऊर्जा' म्हणून दिसते; आणि नव्या, अदृश्य कणांचे लक्षणही तेच असते. म्हणजे जाडीतील उणीव खोट्या शोधास कारण होऊ शकत होती. म्हणून वेटोळ्यालाच शोषक मानून त्याच्या बाहेर सिंटिलेटरचे थर योजण्यात आले. मध्यवर्ती कड्यात १९.५ सेंटिमीटर लोखंडाच्या दोन्ही बाजूंस एकेक थर आला. परिणामी एकूण जाडी, कॅलोरीमीटरांचे सांधे वगळता, किमान ११.८ लांब्यांपर्यंत गेली.

तथापि बाहेरही जागा मोकळी नव्हती. प्रत्येक थरास त्रिज्येच्या दिशेने ४० मिलिमीटर मिळाले. त्यांतून ॲल्युमिनियमच्या मधपोळ्यासारख्या आधारपट्टांची जाडी वजा जाता शोधकासाठी केवळ १६ मिलिमीटर उरले. त्यांत १० मिलिमीटर जाडीच्या सिंटिलेटर फरश्या, प्रकाश वाहून नेणारे तंतू आणि आवरणे बसविणे भाग होते. पाच कड्यांत मिळून असे ४३२ तबक भरले. चुंबकाच्या शीतवाहिन्या जेथून बाहेर पडतात, तेथील तबक आखूड करावे लागले. शोधकाचा आकार अशा रीतीने चुंबकाने ठरविला.

पुढील अडचण प्रकाशमापनाची होती. आरंभी वापरलेल्या संकरित प्रकाशनलिकांत, वेटोळ्याबाहेरील विषम चुंबकीय क्षेत्रामुळे, विद्युत् विसर्ग होऊ लागले. २०१३-१४ च्या दीर्घ विरामात त्यांच्या जागी सिलिकॉन प्रकाशगुणक बसविण्यात आले. चुंबकीय क्षेत्राचा प्रश्न मिटला, परंतु तापमानाचा प्रश्न पुढे आला. कारण या गुणकांचे प्रवर्धन तापमानानुसार बदलते. तापमान वाढताच तोच प्रकाश कमी भासतो, आणि ऊर्जेचे माप चुकते. यास्तव पेल्टिए घटकांच्या साह्याने त्यांचे तापमान स्थिर राखावे लागले. जुन्या पेटीतच नवी सामग्री सामावणे हीदेखील अट होतीच.

या संस्थेस प्रतिकूल परिस्थितीशी जुळवून घेण्याची परंपरा जुनी आहे. १९६५ साली कोलारच्या सोन्याच्या खाणीत, भूपृष्ठाखाली सुमारे २.३ किलोमीटरांवर, तिच्या सहभागाने वातावरणीय न्यूट्रिनोंचा वेध घेण्यात आला होता. तेथे प्रयोगाची चौकट खडकाने आखून दिली होती. येथे ती चुंबकाने आखून दिली. बाह्य कॅलोरीमीटरच्या नावावर स्वतंत्र शोध नोंदलेला नाही. परंतु हरवलेली ऊर्जा खरोखर हरवलेली आहे, अशी ग्वाही देण्यात त्याचा वाटा आहे. विज्ञानाच्या इतिहासात अशा ग्वाहीचे मोल शोधाहून कमी लेखता येत नाही.