अंकीय रेडिओ ग्राही, सुवाह्य

अंकीय स्वरूपात प्रक्षेपित केलेले ध्वनिकार्यक्रम ग्रहण करून ते पुन्हा श्राव्य रूपात आणणाऱ्या, विद्युत् घटांवर चालणाऱ्या व सहज उचलून नेता येणाऱ्या उपकरणास सुवाह्य अंकीय रेडिओ ग्राही म्हणतात. बाह्यतः हा ग्राही परिचित ट्रँझिस्टर रेडिओसारखाच दिसतो. तथापि त्याच्या अंतर्भागातील कार्य संगणकाच्या कार्याशी अधिक मिळतेजुळते असते. या बदलाचा परिणाम ध्वनीच्या गुणवत्तेवर झाला, तसाच श्रोता व उपकरण यांच्या संबंधावरही झाला. जुन्या ग्राहीतील दोष कानाला कळत व पुष्कळदा हातानेच दूर करता येत. अंकीय ग्राहीतील दोष बहुधा शांततेच्या रूपानेच प्रकट होतो व त्याचे कारण अनेकदा घराबाहेर असते.

पूर्वेतिहास : निर्वात नलिकांवर चालणारे सुवाह्य ग्राही १९३० नंतरच्या दशकाच्या अखेरीस प्रचारात आले. त्यांतील नलिकांचे तंतू तापविण्यासाठी सु. १.४ व्होल्टचा एक घट आणि पट्टिकांसाठी ६७.५ वा ९० व्होल्टची दुसरी घटमाला लागे. त्यामुळे ग्राही जड असे व त्याचा खर्चही अधिक येई. १९४७ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत ट्रँझिस्टरचा शोध लागला. त्यासाठी जॉन बार्डीन, वॉल्टर ब्रॅटन व विल्यम शॉक्ली यांना १९५६ चे भौतिकीचे नोबेल पारितोषिक मिळाले. ट्रँझिस्टरमध्ये तंतू तापवावा लागत नसल्याने विजेची मोठी बचत झाली. १९५४ च्या अखेरीस विक्रीस आलेल्या ‘रीजन्सी टीआर–१’ या चार ट्रँझिस्टरांच्या अमेरिकन ग्राहीची किंमत ४९.९५ डॉलर होती व तो २२.५ व्होल्टच्या एकाच लहान घटमालेवर चाले. पुढील वर्षी जपानमध्ये ‘सोनी टीआर–५५’ तयार झाला. यानंतर रेडिओ हे दिवाणखान्यातील सामाईक उपकरण न राहता व्यक्तीच्या हातातील वस्तू बनले.

या ग्राहींत संकेत दुर्बळ झाला, की ध्वनीत खरखर मिसळे. परंतु शब्द बराच काळ कळत राहत. मध्यम लहरींसाठी ग्राहीच्या आत फेराइटची कांडी बसविलेली असते व तिचे ग्रहण दिशेनुसार कमीजास्त होते. म्हणून ग्राही थोडा फिरविल्यास केंद्र स्पष्ट ऐकू येई. सामान्य श्रोत्याने शास्त्रीय ज्ञानावाचून आत्मसात केलेली ही दुरुस्तीच होती.

अंकीय प्रक्षेपणाचा उदय : यूरोपात ‘यूरेका–१४७’ या सहकारी प्रकल्पाद्वारे १९८७ पासून अंकीय ध्वनिप्रक्षेपणाची डीएबी पद्धती विकसित करण्यात आली. नॉर्वेच्या नभोवाणीने १ जून १९९५ रोजी या पद्धतीची पहिली नियमित वाहिनी सुरू केली. त्याच वर्षी २७ सप्टेंबर रोजी ब्रिटन व स्वीडन येथेही प्रक्षेपणास आरंभ झाला. प्रारंभीचे ग्राही महाग असल्याने प्रसार मंद होता. २००२ मध्ये ब्रिटनमध्ये ९९ पौंड किंमतीचा ‘प्यूअर इव्होक–१’ हा घरगुती ग्राही आल्यावर मागणी वाढली. २००७ मध्ये ध्वनिसंक्षेपणाची अधिक कार्यक्षम रीती वापरणारी ‘डीएबी+’ ही सुधारित पद्धती प्रमाणित झाली.

कार्यपद्धती : डीएबीमध्ये एका केंद्रास एक कंप्रता नेमून दिलेली नसते. अनेक वाहिन्यांचे ध्वनी संक्षिप्त अंकीय रूपात एकत्र गुंफून १.५३६ मेगॅहर्ट्‌झ रुंदीच्या एकाच पट्ट्यातून पाठविले जातात. ही माहिती सामान्यतः १,५३६ वाहक तरंगांवर विभागलेली असते. प्रत्येक वाहकावरील संकेत संथ गतीने बदलतो व दोन संकेतखंडांमध्ये सु. ०.२५ मिलिसेकंदाचा रक्षक अवधी ठेवलेला असतो. त्यामुळे इमारती व डोंगर यांवरून परावर्तित होऊन किंचित उशिरा येणारे तरंग बाधक न ठरता साहाय्यकच होतात. याच कारणाने परस्परांपासून दूर असलेली अनेक प्रक्षेपण केंद्रे एकच कंप्रता वापरू शकतात. संकेतात जादा अंक मिसळलेले असल्याने ठरावीक मर्यादेपर्यंतच्या चुका ग्राही स्वतःच दुरुस्त करतो. ही मर्यादा ओलांडली, की मूळ डीएबीत प्रथम पाणी बुडबुडल्यासारखा आवाज येतो व नंतर ध्वनी थांबतो. डीएबी+ मध्ये तो बहुधा एकदमच थांबतो.

घरगुती वापर व दोषनिवारण : निर्दोष ध्वनी व पूर्ण शांतता यांमधील अंतर इतके अल्प असल्याने संकेत मर्यादेच्या किती जवळ आहे, हे कानावरून कळत नाही. त्यासाठी बहुतेक ग्राहींच्या पडद्यावर संकेतबल किंवा चुकांचे प्रमाण दर्शविण्याची सोय असते. ग्राहीची जागा हे मूल्य पाहून ठरविणे योग्य ठरते. पोलादी सळयांच्या काँक्रीट भिंतींमुळे संकेत क्षीण होतो. त्यामुळे ग्राही खिडकीजवळ ठेवल्यास बहुधा सुधारणा होते. डीएबीसाठी वापरल्या जाणाऱ्या २२० मेगॅहर्ट्‌झच्या आसपासच्या कंप्रतेस तरंगलांबीचा चौथा भाग सु. ३४ सेंमी. भरतो, तर एफएमच्या १०० मेगॅहर्ट्‌झला तो ७५ सेंमी. असतो. म्हणून एफएमसाठी पूर्ण उघडलेली लांब एरिअल डीएबीसाठी सर्वोत्तम असेलच असे नाही. डीएबीचे तरंग सामान्यतः उभे ध्रुवित असल्याने ती उभी ठेवावी लागते.

ग्राही पूर्वी चालत असून एखादी वाहिनी अचानक नाहीशी झाल्यास ती दुसऱ्या संचात हलविली गेली असण्याचा संभव असतो. अशा वेळी ग्राहीस सर्व पट्टे पुन्हा शोधावयास लावल्याने ती परत सापडते. विजेचे अडॅप्टर व एलईडी दिवे यांतील निकृष्ट मंडलांमुळेही व्यत्यय येतो. अडॅप्टर काढून ग्राही घटांवर चालविल्यास व जवळचे दिवे मालवून पाहिल्यास कोणते उपकरण दोषी आहे हे कळते. संकेत उलगडण्यासाठी सतत गणन करावे लागत असल्याने प्रारंभीचे अंकीय ग्राही ट्रँझिस्टर रेडिओपेक्षा पुष्कळ अधिक वीज घेत. पुढे एकात्मिक मंडले सुधारल्याने हा फरक घटला. संकेतन व विसंकेतन यांत वेळ जात असल्यामुळे ध्वनी काही सेकंद उशिरा येतो. तो दोष नव्हे. मात्र वेळेच्या ठोक्यांवरून घड्याळ लावणाऱ्याने हा विलंब लक्षात घ्यावा लागतो.

काही दोषांवर श्रोत्याजवळ उपाय नसतो. केवळ मूळ डीएबी ओळखणारा ग्राही सुस्थितीत असूनही डीएबी+ मधील वाहिन्या उलगडू शकत नाही. मध्यम लहरींचा जुना ग्राही प्रक्षेपण चालू असेतो अनेक दशके उपयोगी पडत असे. अंकीय ग्राहीचे आयुष्य मात्र संकेतनाच्या प्रमाणांशी बांधले गेले.

संक्रमण : नॉर्वेने ११ जानेवारी २०१७ रोजी नॉर्लान प्रांतापासून राष्ट्रीय वाहिन्यांचे एफएम प्रक्षेपण बंद करण्यास आरंभ केला व १३ डिसेंबर २०१७ रोजी ते पूर्णतः थांबविले. असे करणारा तो जगातील पहिला देश होय. अनेक लहान स्थानिक केंद्रांना मात्र एफएमवर राहू देण्यात आले. डोंगर व खोल खाड्या यांमुळे तेथे प्रक्षेपणाचा खर्च मोठा होता; शासनाच्या हिशोबानुसार एका राष्ट्रीय वाहिनीस एफएमवर डीएबीच्या सु. आठपट खर्च येई. या निर्णयाने वाहिन्यांची संख्या वाढली. परंतु घरांतील व मोटारींतील असंख्य सुस्थितीतील ग्राही निरुपयोगी झाले. प्रक्षेपकाचा वाचलेला खर्च काही अंशी श्रोत्यावर पडला.

भारतातील स्थिती : मुंबई येथे २३ जुलै १९२७ रोजी इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे केंद्र सुरू झाले, तेव्हापासून भारतीय नभोवाणीचा मुख्य आधार मध्यम लहरी हाच राहिला. विस्तीर्ण ग्रामीण प्रदेश थोड्या केंद्रांनी व्यापता यावा, म्हणून आकाशवाणीने मध्यम व लघू लहरींवर चालू शकणारी डीआरएम ही पद्धती निवडली. तिचा नियमित वापर २००९ मध्ये लघू लहरींवर सुरू झाला व पुढील दशकात मुंबईसह सु. ३५ ठिकाणी मध्यम लहरींचे डीआरएम प्रक्षेपक उभारले गेले. त्या काळात ही सोय काही नव्या मोटारींत पोहोचली. घरगुती सुवाह्य ग्राही मात्र महाग व दुर्मिळ राहिले. यूरोपात जुने प्रक्षेपण थांबल्याने चालू ग्राही मुके झाले, तर भारतात नवे प्रक्षेपण सुरू होऊनही ते ऐकण्यास पुरेसे ग्राही नव्हते. वीज व दूरध्वनी बंद पडतात अशा पूर किंवा वादळाच्या प्रसंगी घटांवर चालणारा रेडिओ हे वार्ता मिळण्याचे एक भरवशाचे साधन ठरते. त्यामुळे अंकीय पद्धतीचे मूल्यमापन करताना ध्वनीची स्वच्छता व वाहिन्यांची संख्या यांबरोबरच सामान्य कुटुंबास परवडणारा, थोड्या विजेवर चालणारा व दीर्घकाळ टिकणारा ग्राही उपलब्ध होतो की नाही, हेही पहावे लागते.