गादी ते खुर्ची : बैठ्या कामासाठी आसन कसे निवडावे?

मध्य प्रदेशातील बुऱ्हाणपूर हे तापीकाठचे जुने व्यापारी शहर. म्हापशाला जशी शुक्रवारच्या बाजाराने ओळख दिली, तसा तेथील इतवारा या वस्तीच्या नावात रविवार आहे. कापडाच्या व्यापारावर वाढलेल्या अशा जुन्या पेठांत हिशेबाचे काम पिढ्यान्‌पिढ्या गादीवर बसून झाले. मागे लोड, खाली घातलेली मांडी, पुढ्यात उतरत्या फळीचे बैठे डेस्क आणि त्यावर कीर्द-खतावणी. आता वह्यांची जागा संगणकाने आणि गादीची जागा खुर्चीने घेतली आहे. बुऱ्हाणपूर असो वा पणजी, बैठक बदलली. परंतु नव्या बैठकीचे माप घेण्याचे मात्र राहून गेले. पाठ, मान किंवा मनगट दुखू लागल्यावरच खुर्चीचा विचार सुचतो आणि मग औषधोपचार व फर्निचर असा दुहेरी खर्च पदरी पडतो.

जुन्या बैठकीचे गुणदोष

दिवाणजींच्या डेस्काची फळी उतरती असे, ती केवळ सोयीसाठी नव्हे. कागद डोळ्यांकडे कललेला असला की मान कमी वाकते. लोडामुळे कंबरेला टेकण मिळे आणि अवघडल्यावर मांडी सहज बदलता येई. दोष होता तो गुडघ्यांचा. ज्यांना गुडघेदुखी वा खुब्याचा विकार आहे, त्यांना ही बैठक मानवत नाही. आजही घरी जमिनीवर बसून काम करणाऱ्यांनी बुडाखाली घडी घातलेली चादर घ्यावी, म्हणजे गुडघे खुब्यांपेक्षा खाली राहतात आणि पाठीला पोक येत नाही. लॅपटॉप मांडीवर न घेता कोपराच्या उंचीच्या चौरंगावर ठेवावा.

बैठ्या कामाचे दुष्परिणाम संगणकाबरोबर आलेले नाहीत. इटालियन वैद्य बर्नार्दिनो रामाझिनी यांनी अठराव्या शतकाच्या आरंभीच लेखनिकांच्या व्याधींची कारणे नोंदवली होती : सततचे बसणे आणि हाताची एकसारखी हालचाल. १९५३ मध्ये जेरी मॉरिस व त्यांच्या सहकाऱ्यांनी लंडनच्या बसचालकांची वाहकांशी तुलना केली. दिवसभर जिने चढणाऱ्या वाहकांपेक्षा बसून राहणाऱ्या चालकांत हृदयविकाराचे प्रमाण अधिक आढळले.

आधी शरीराचे माप, मग दुकान

खुर्ची घेण्यापूर्वी दोन मापे घ्यावीत. पहिले, पाऊल जमिनीवर सपाट टेकवून बसल्यावर गुडघ्यामागच्या खोबणीपासून जमिनीपर्यंतचे अंतर. ही आसनाची योग्य उंची. दुसरे, खांदे सैल सोडून बसल्यावर आसनापासून कोपरापर्यंतचे अंतर. दोन्हींची बेरीज म्हणजे कीबोर्डाची योग्य उंची.

उदाहरण घेऊ. एखाद्या महिलेचे पहिले माप ४० सेंटीमीटर आणि दुसरे २१ सेंटीमीटर असेल, तर तिचा कीबोर्ड ६१ सेंटीमीटरवर हवा. बाजारातील सर्वसाधारण टेबल मात्र सुमारे ७५ सेंटीमीटर उंच असते. हा १४ सेंटीमीटरचा फरक खांदे उचलून भरून काढावा लागतो. संध्याकाळी मान आखडते ती यामुळे. त्यावर तीन उपाय आहेत. खुर्ची १४ सेंटीमीटर वर घेऊन पायाखाली तेवढ्याच उंचीचा पाट ठेवावा; टेबलाखाली कीबोर्डासाठी सरकती फळी बसवावी; किंवा लाकडी टेबल असल्यास सुताराकडून त्याचे पाय कापून घ्यावेत. शेवटच्या दोन उपायांत मांड्यांना पुरेशी जागा उरते ना, हे आधी बसून पाहावे. खण असलेल्या टेबलाला ते बहुधा जमत नाही.

परदेशी मापांवर बेतलेले फर्निचर आपल्याकडे अनेकांना बसत नाही. म्हणूनच भारतीय शरीरमापांचे देबकुमार चक्रवर्ती यांनी केलेले संकलन अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेने १९९७ मध्ये प्रसिद्ध केले.

खुर्ची पारखताना

खुर्चीवर किमान दहा मिनिटे बसल्याखेरीज ती घेऊ नये. पुढील गोष्टी तपासाव्यात :

१. उंची बदलता यावी आणि सर्वांत खालच्या पातळीवर आपले पाय पूर्ण टेकावेत.
२. पाठ टेकून बसल्यावर आसनाची कडा व गुडघ्याची मागची बाजू यांत दोन-तीन बोटे जागा उरावी. आसन याहून खोल असेल तर पाठ टेकतच नाही.
३. पाठीचा फुगवटा कंबरेच्या खळगीत यावा. तो वर-खाली करता येत असल्यास उत्तम.
४. पाठ किंचित मागे, १०० ते ११० अंशांपर्यंत, कलावी. काटकोनात ताठ बसणे हा आदर्श नव्हे.
५. हात टेकायच्या जागेमुळे खांदे उचलले जाऊ नयेत आणि खुर्ची टेबलाखाली सरकावी.
६. चाकांची खुर्ची पाच पायांची असावी. चार पायांची कलंडण्याचा धोका अधिक.

गोव्याच्या दमट हवेत आणखी दोन पथ्ये. जाळीदार पाठीची खुर्ची घामाच्या दृष्टीने सुखकर ठरते, तर जाड फोम व रेक्झिन यांना पावसाळ्यात बुरशीचा वास येतो. लोखंडी भागांवर रंगाचा लेप पक्का आहे ना, तेही पाहावे. आपल्याकडच्या जुन्या घरांतील लांब हातांची व्होल्तेर खुर्ची विश्रांतीसाठी उत्तम. परंतु तिच्यात रेलून लॅपटॉपवर काम करणे मानेला घातक.

पडदा आणि प्रकाश

पडद्याची वरची कड डोळ्यांच्या रेषेत वा किंचित खाली आणि अंतर हातभर असावे. लॅपटॉपचा पडदा व कीबोर्ड जोडलेले असल्याने एक योग्य ठेवला की दुसरा चुकतो. म्हणून लॅपटॉप पुस्तकांच्या थप्पीवर ठेवून स्वतंत्र कीबोर्ड व माउस जोडावा. खिडकी पाठीमागे वा समोर नसावी, बाजूला असावी.

उठणे हाच उतारा

कितीही महाग खुर्ची दिवसभराच्या बसण्याची भरपाई करू शकत नाही. अर्ध्या-पाऊण तासाने दोन मिनिटे उठावे. फोन उभ्याने घ्यावा. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांनुसार प्रौढांनी आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा आणि बसण्याचा काळ कमी करावा. उभ्याने काम करण्याचे टेबल उपयुक्त असले तरी दिवसभर उभे राहणेही अपायकारकच. दुकानांतील कर्मचाऱ्यांना बसण्याचा हक्क मिळावा म्हणून केरळने २०१८ मध्ये आणि तमिळनाडूने २०२१ मध्ये कायद्यात दुरुस्ती केली, ती याच कारणाने.

हातापायाला मुंग्या वा बधिरता येणे, पायातील शक्ती कमी होणे ही लक्षणे दिसल्यास खुर्ची बदलत बसू नये, डॉक्टरांना दाखवावे. पाठदुखीबरोबर लघवी वा शौचावरील ताबा सुटल्यास त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.

खर्च बेताचा असेल तर क्रम असा ठेवावा : प्रथम पायाखाली पाट आणि कंबरेमागे गुंडाळलेला टॉवेल, त्यानंतर स्वतंत्र कीबोर्ड, मग उंची बदलणारी खुर्ची आणि शेवटी टेबल. पहिल्या दोन वस्तू घरातच सापडतात. त्यांच्यासाठी पुढच्या पगाराची वाट पाहण्याचे कारण नाही.